चिरेखाणीवरचं घरटं

सावंतवाडीहून घाट चढून आंबोलीच्या अंगाला आलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रान लागतं. त्या रानात, एका व्हाळाच्या काठी, एक घर होतं. घरात आजी होती, तिचा मुलगा होता, सून होती आणि दहा वर्षांची नात होती.

घराच्या भिंती चिऱ्याच्या होत्या. ते चिरे आजोबांनी घरामागच्या सड्यातूनच काढले होते. चिरे निघाले, घर उभं राहिलं आणि मागे एक खड्डा उरला. लांबीला पंधरा हात, रुंदीला दहा हात आणि खोलीला कमरेएवढा. घरातले सगळे त्याला खाण म्हणत. पावसाळ्यात ती भरायची, दिवाळीनंतर आटायची आणि उन्हाळ्यात तिच्या तळाशी पातेरा साचायचा. खाणीच्या वरच्या कोपऱ्याला एक जांभूळ वाढली होती. तिच्या खांद्या खाणीवर वाकलेल्या होत्या.

आजोबा गेले. मुलगा कर्ता झाला. आंबोलीला पावसाळ्यात धबधबा बघायला माणसं येतात, त्यांना राहायला खोली लागते आणि गाडी लावायला जागा लागते. मुलानं घराला लागून दोन खोल्या बांधल्या. जागा मात्र त्याला मिळेना. पुढे अंगण, एका बाजूला व्हाळ, दुसऱ्या बाजूला माड, आणि मागे ही खाण. रोज सकाळी दात घासताना तो खाणीकडे बघायचा आणि मनात गाड्या मोजायचा.

एका मे महिन्यात तो आजीला म्हणाला, “आये, मिरगाच्या आदी खाण बुजवून टाकतंय. डंपरवाल्याक सांगलंय.”

“दसऱ्यापर्यंत रवांदे,” आजी म्हणाली.

“कित्याक?”

“तुज्या बापाशीन ती कधी बुजवूक नाय. त्येका माती गावली नसती असा नाय.”

मुलाला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही. पण डंपरवाला दुसरीकडच्या कामात अडकला, आज येतो उद्या येतो म्हणाला, आणि तेवढ्यात मिरग लागला. घाटमाथ्यावरचा पाऊस एकदा उतरला की मातीचा डंपर परसात आणता येत नाही. खाण तशीच राहिली.

पहिल्या पावसाच्या चौथ्या-पाचव्या रात्री नात झोपेतून जागी झाली. मागच्या खिडकीतून एक आवाज येत होता. टक, टक, आणि मग घशातून घासून काढल्यासारखा एक लांब सूर. तिनं आजीला हलवलं. दोघींनी डोक्यावर इरलं घेतलं, हातात बॅटरी घेतली आणि त्या खाणीच्या काठाशी जाऊन उभ्या राहिल्या.

जांभळीच्या पानावर एक हिरवागार बेडूक बसला होता. पाठ पानाच्या रंगाची, पोट फिकट, डोळे मोठे. नातीला वाटलं, एवढा हिरवा बेडूक दिवसा आपल्याला कधी दिसला कसा नाही! दिवसा तो पाय अंगाखाली दुमडून पानाला चिकटून बसतो, म्हणून तो पानातला वाटतो. रात्री तो पाय पसरतो. तेव्हा त्याच्या बोटांमधले पडदे दिसतात, आणि ते पडदे नारिंगी-तांबडे असतात.

तेवढ्यात व्हाळापलीकडच्या उंच झाडावरून आणखी एक बेडूक निघाला. त्यानं चारी पाय ताणले, बोटं फाकली आणि तो तिरका, सावकाश, व्हाळावरून तरंगत आला आणि जांभळीच्या खांदीवर उतरला. हा आधीच्यापेक्षा मोठा होता, चांगला हाताच्या पंजाएवढा. ती मादी होती. या जातीत मादी मोठी असते आणि नर लहान.

पुस्तकात याला मलबारी उडता बेडूक म्हणतात. तो पाखरासारखा उडत नाही, पडदे ताणून हवेवर स्वतःला तोलतो आणि उंचावरून खाली येता येता तीस-चाळीस फूट अंतर कापतो. 1870 साली जेर्डन नावाच्या अभ्यासकानं त्याची शास्त्रीय नोंद केली. पश्चिम घाटाच्या पावसाळी रानांखेरीज जगात तो दुसरीकडे कुठेच राहत नाही. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की हे दरसाल येतात आणि दरसाल याच कोपऱ्यात येतात.

नर मादीच्या पाठीवर चढला. मादी त्याला घेऊन पाण्यावर वाकलेल्या डहाळीच्या टोकाशी गेली. तिथे तिनं अंगातून एक चिकट पाणी सोडलं आणि मागच्या पायांनी ते घुसळायला सुरुवात केली. डावा पाय, उजवा पाय, डावा पाय, उजवा पाय. बघता बघता ताकावर लोणी येण्याआधी चढतो तसा पांढरा फेस तिथे चढू लागला. त्या फेसात ती अंडी सोडत होती. काम संपलं तेव्हा तिनं आजूबाजूची पानं पायांनी ओढून फेसावर चिकटवली. घरटं बांधून झालं. मग ती पानांमधून वर चढत गेली आणि काळोखात दिसेनाशी झाली.

नात भिजली होती, पण घरात यायला तयार नव्हती.

सकाळी बघितलं तर जांभळीवर दोन घरटी होती. एक खालच्या डहाळीला, नातीच्या हाताला येईल असं. दुसरं वर, खाणीच्या अगदी कोपऱ्यावर. दोन्ही पाण्याच्या वर लोंबत होती आणि दोन्हींचा फेस बाहेरून सुकून कडक होऊ लागला होता. आत ओल होती. त्या ओलीत शंभराहून जास्त अंडी निवांत वाढत होती.

नात रोज शाळेतून आली की दप्तर टाकून आधी मागच्या दारी जायची.

आणि मग पावसानं उघडीप दिली.

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी उघडीप पडायची ती पडतेच. पहिल्या दिवशी सगळ्यांना बरं वाटलं. सुनेनं कपडे वाळत घातले. तिसऱ्या दिवशी खाणीतलं पाणी घोट्याखाली आलं. सड्यातला खड्डा तो, त्याला पाणी धरून ठेवायला वेळ लागतो. सहाव्या दिवशी मधोमध एक डबकं तेवढं उरलं आणि जांभळीच्या कोपऱ्यात निव्वळ चिखल उघडा पडला. दोन्ही घरटी त्या चिखलावर लोंबत होती.

नातीनं खालच्या घरट्याचं पान जरासं उचलून पाहिलं. फेसाच्या आत बारीक बारीक शेपट्या वळवळत होत्या. अंडी फुटली होती. आता ही पिल्लं खाली पडणार आणि खाली पाणी नाही! तिच्या पोटात गोळा आला.

ती बाबांकडे धावली. “बाबा, पाणी सुकला तर तेंचा काय होतला?”

बाबा खोलीच्या दाराला रंग देत होते. ते म्हणाले, “बेडकाक काय कळता? पावसात भुलली असतली.”

नातीला ते पटलं. बेडकीण भुललीच असणार. वीस पावलांवर व्हाळ वाहत होता. उघडीप असली तरी त्याला पाणी होतं. स्वच्छ, गार, खळखळतं पाणी, बाराही महिने न आटणारं. एवढा व्हाळ सोडून ही बया चिखलाच्या खड्ड्यावर का आली?

दुपारी आजी झोपली होती. नातीनं कोयती घेतली, खालची डहाळी घरट्यासकट अलगद तोडली आणि दोन्ही हातांत धरून, एकही पान हलू न देता, व्हाळापर्यंत नेली. तिथे काठावरचं एक झुडूप पाण्यावर झुकलेलं होतं. केळीच्या सोपटानं तिनं डहाळी त्याला बांधली. घरटं बरोबर पाण्याच्या वर आलं. तिनं दोनदा गाठ तपासली. वरच्या घरट्याला मात्र तिचा हात पोचत नव्हता. काठी लावून पाहिली, दगडावर चढून पाहिलं, जमलं नाही. ती खिन्न होऊन घरी आली. अर्धीच पिल्लं वाचणार, असं तिला वाटत होतं.

दिवेलागणीला आजी मागच्या दारी गेली. तुटलेली डहाळी तिला दिसली. तिनं नातीला हाक मारली. नातीनं सगळं सांगितलं. सांगताना तिचा चेहरा उजळला होता, कारण एक चांगलं काम केल्याचा आनंद तिच्या मनात होता.

आजी रागावली नाही. थोडा वेळ ती व्हाळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “व्हाळ तिका दिसूक नाय काय गे, बाय? ती रातची व्हाळाच्याच अंगान इली.”

नात गप्प झाली. ते तरंगत येणं तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मादी व्हाळावरून आली होती. व्हाळ ओलांडून आली होती.

“आता काळोख पडलो,” आजी म्हणाली. “सकाळी परत आणून बांदूया.”

त्या रात्री पाऊस आला. आधी वारा आला, मग घाटातून ढग वर चढले आणि मग पाऊस कोसळला तो थांबेचना. मध्यरात्री व्हाळाचा आवाज बदलला. खळखळ बंद झाली आणि दगड एकमेकांवर आपटल्याचे दणके ऐकू येऊ लागले. मुलगा उठला. मागच्या उतारावरून पाण्याचा लोंढा आला तर नव्या खोल्यांत शिरेल, ही भीती त्याला होती. बॅटरी आणि कुदळ घेऊन तो मागच्या दारी गेला.

डोंगरावरून लाल पाणी खरोखरच येत होतं. चांगलं पिंढरीएवढं. पण ते घराकडे वळत नव्हतं. सड्यात एक उथळ चर होती, इतकी वर्षं पातेऱ्याखाली झाकलेली, आणि पाणी त्या चरीतून थेट खाणीत उतरत होतं. खाण भरत होती. मुलगा काठानं पुढे गेला. खालच्या टोकाला, व्हाळाच्या बाजूला, त्याला पाण्याची धार बाहेर पडताना दिसली. त्यानं वाकून हातानं पातेरा बाजूला केला. चिऱ्याच्या कडेत वीतभर रुंद खाच पाडलेली होती. खाचेच्या दोन्ही अंगांना टिकावाच्या खुणा होत्या, एकाखाली एक, सारख्या अंतरावर. कोणीतरी बसून, सवडीनं, उंची जोखून तो सांडवा काढला होता. खाण काठोकाठ भरण्याआधी जादा पाणी त्यातून व्हाळाकडे जात होतं आणि घराची भिंत कोरडी राहत होती.

मुलानं त्या खुणांवर बोटं ठेवली. आपल्या वडिलांचं काम त्यानं ओळखलं. या घरात तो चाळीस वर्षं राहिला होता आणि ही खाच त्यानं कधी पाहिली नव्हती.

तिथून तो वर आला तेव्हा त्याला आणखी एक गोष्ट दिसली. चरीतून येणारं पाणी खाणीच्या मधून वाहत सांडव्याकडे जात होतं. जांभळीच्या कोपऱ्यात मात्र पाणी वाहत नव्हतं. तिथे ते नुसतं चढत होतं.

सकाळी नात आधी व्हाळाकडे पळाली. व्हाळ लाल झाला होता आणि काठ सोडून वर आला होता. ज्या झुडपाला तिनं घरटं बांधलं होतं ते झुडूप जागेवर नव्हतं. मुळांसकट गेलं होतं. ती काठावर उभी राहून रडू लागली.

आजी मागून आली. तिनं नातीचा हात धरला. “रडू नको. हडे ये आणि बघ.”

जांभळीच्या कोपऱ्यात पाणी कमरेएवढं झालं होतं. त्यावर पावसाचे थेंब पडत होते. वरचं घरटं रात्रभर भिजून मऊ पडलं होतं. त्याचा फेस ओघळून खाली सुटत होता आणि त्या फेसातून एकेक पिल्लू पाण्यात पडत होतं. पडलं की क्षणभर निपचित राहायचं आणि मग शेपटी हलवून खाली जायचं. दोन पडली. चार पडली. मग एकदम ओंजळभर पडली. मुलगाही येऊन मागे उभा राहिला. तिघंही भिजत होती, पण कोणी काही बोललं नाही.

खाणीतली सगळी पिल्लं काही जगली नाहीत. पाणकिड्यांनी काही खाल्ली. एक दिवड खाणीत येऊन गेली. तरीही पुष्कळ उरली. ती चिऱ्यावरचं शेवाळ खरवडून खात होती आणि वाढत होती. आषाढ गेला. श्रावणात त्यांना मागचे पाय फुटले, मग पुढचे. शेपट्या आखडत गेल्या. चतुर्थीच्या आदल्या दिवशी नात माटवीला बांधायची कवंडळं घेऊन रानातून आली, तेव्हा जांभळीच्या बुंध्यावर तिला नखाएवढे हिरवे बेडूक चढताना दिसले. ती खाली बसली आणि शेवटचा बेडूक पानांत जाईपर्यंत उठली नाही.

दसरा झाल्यावर डंपरवाल्याचा फोन आला. आता मोकळा आहे, उद्या माती टाकतो म्हणाला.

“माती नको,” मुलगा म्हणाला. “दुसऱ्या कोणाक दी.”

गाड्यांसाठी त्यानं पुढच्या अंगणातला जुना गोठा काढला. तिथे दोनच गाड्या मावतात. मार्गशीर्षात खाण कोरडी पडली, तेव्हा त्यानं नातीला बरोबर घेऊन चर साफ केली आणि सांडव्यातला गाळ काढला. जांभळीला हात लावला नाही.

गोष्ट एवढीच आहे. नातीच्या मनात माया होती आणि तिच्या बापाच्या मनात संसाराची काळजी होती. दोघांचंही मन चांगलंच होतं. पण आपल्याला जे वेडगळ दिसतंय ते तसं का आहे, हा प्रश्न दोघांनीही विचारला नव्हता. व्हाळाला बारमाही पाणी असतं, म्हणून त्यात मासेही बारमाही असतात आणि पावसाळ्यात लोंढाही येतो. दरसाल आटणाऱ्या खाणीत मासा टिकत नाही आणि तिच्या कोपऱ्यात पाणी पिल्लांना ओढून नेत नाही. बेडकीण हे कोणाला समजावून सांगू शकत नव्हती. आजोबाही सांगून गेले नव्हते. दोघांनी आपापलं काम योग्य जागी करून ठेवलं होतं, आणि ती जागा कळायला एक पुरता पावसाळा बघावा लागला.

घाटमाथ्यावर ज्यांची घरं आहेत, किंवा आता तिथे जागा घेऊन जे घरं बांधत आहेत, त्यांना एक विनंती आहे. परसातला एखादा खड्डा बुजवायचा असेल, पाण्यावर वाकलेली एखादी खांदी तोडायची असेल, तर निदान एक पावसाळा थांबा. रात्री बॅटरी घेऊन तिथे जा. पानाखाली पांढरा फेस लोंबताना दिसला तर त्याला हात लावू नका, आणि पावसाळा संपेपर्यंत कोयती घरातच ठेवा.